पिपरी मेघेतून प्रॉडक्ट ॲनालिस्ट होताना : थोडं माझं, थोडं आपल्या सगळ्यांचं

(पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात विशी-पंचविशीतलं पोरगं किंवा पोरगी नोकरी शोधतेय, त्यांनी वेळ काढून वाचा.)

मागच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या काकू घरी आल्या. हातात मोबाइल, त्यात एक पीडीएफ. "डेटा आणि प्रॉडक्ट ॲनालिटिक्स, सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी, फी नव्वद हजार, सोप्या हप्त्यांत." मुलगा बी.कॉम. झालेला, दीड वर्ष घरी. काकू म्हणाल्या, "तू तर लागली ना वं या नोकरीले? मंग सांग मले, भरू का पैसे? गळ्यातली पोत मोडतो, पण पोराचं कल्याण झालं पायजे."

मी तेव्हा चहा पिता पिता अर्धंमुर्धं उत्तर दिलं. मनात मात्र ती पोत राहिली. कारण अडीच वर्षांपूर्वी असाच एक कागद आमच्या घरी आला होता आणि त्यावर माझ्या बाबांनी सही केली होती. म्हणून पूर्ण उत्तर इथे लिहितेय. काकूंसाठी, आणि आर्वी रोडवरच्या, सावंगीच्या, सेवाग्रामच्या, हिंगणघाटच्या अशा सगळ्या काकूंसाठी.

आधी, हे काम असतं तरी काय?

नाव भारी आहे, काम समजायला सोपं आहे. तुम्ही मोबाइलवर बसचं तिकीट काढता. ॲप उघडता, गाव टाकता, गाडी निवडता, सीट निवडता, पैसे भरता. शंभर लोकांनी ॲप उघडलं तर तिकीट शंभरच्या शंभर काढत नाहीत. कोणी सीट बघून परत जातं, कोणाचं पैसे भरताना अडतं. कुठे किती लोक गळाले, का गळाले, आणि काय बदललं तर गळती थांबेल, हे आकड्यांवरून शोधणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट ॲनालिस्ट. या गळतीच्या वाटेला ते लोक 'फनेल' म्हणतात, म्हणजे आपली रॉकेल ओतायची चाडी. वर रुंद, खाली अरुंद.

मुलाखतीत साधारण चार गोष्टी बघतात. एक, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. दोन, थोडं संख्याशास्त्र. तीन, 'केस', म्हणजे धंद्यातली एक अडचण देतात आणि तुम्ही कसा विचार करता ते पाहतात. चार, तुम्हाला जे कळलं ते समोरच्याला सांगता येतं का. कुठे घरी करायला एखादी असाइनमेंटही देतात. एवढंच. यातलं काहीही नव्वद हजारांचं नाही. ते पुढे सांगते.

माझी गोष्ट

मी २०२० साली वर्ध्यातूनच बी.एस्सी. झाले, संख्याशास्त्र घेऊन. निकाल लागला तो कोरोनात. नंतरची दोन-अडीच वर्षं आपल्याकडच्या प्रत्येक हुशार म्हणवल्या गेलेल्या पोरीची जातात तशीच गेली, एमपीएससी. अभ्यासिकेतली खुर्ची, डबा, चालू घडामोडींच्या नोट्स. पूर्व परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली. तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा धीर झाला नाही.

२०२३ मध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली. फोन करणारी मुलगी मराठीत गोड बोलायची, "ताई, तुमचं स्टॅटिस्टिक्स आहे ना, मग तुम्ही तर अर्धं मैदान मारलंय." फी ऐंशी हजारांच्या वर. हप्ता बाबांच्या खात्यातून. आम्हाला वाटलं फी हप्त्याने भरतोय. प्रत्यक्षात ते एका वित्त कंपनीचं कर्ज होतं, बाबांच्या नावावर. ते कळलं तिसऱ्या महिन्यात, जेव्हा मी कोर्स सोडायचा विचार केला आणि हप्ता काही थांबेना. शिकवणाऱ्याचा आणि पैसे घेणाऱ्याचा आता संबंधच उरला नव्हता.

शिकवणं म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. शंका विचारायला एक ग्रुप, त्यात चारशे जण. आणि 'हमी'ची व्याख्या करारात शेवटून दुसऱ्या पानावर होती : अमुक टक्के हजेरी, दर आठवड्याला ठरावीक अर्ज, देशात कुठेही आणि कुठल्याही पगारावर जायची तयारी, एकही मुलाखत न चुकवणं. एक अट मोडली की हमी संपली. माझी संपली ती आजीच्या तेराव्याच्या दिवशी आलेल्या मुलाखतीमुळे.

कोर्स आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. विचारूही नका. असे एक-दोन नाहीत, आणि मला कोणाशी भांडायचं नाही. मला फक्त पुढची सही थांबवायची आहे.

पहिल्या दोन मुलाखती

पहिली मुलाखत जानेवारी २०२४ मध्ये, ऑनलाइन. प्रश्न : "आमच्या ॲपचे रोजचे वापरकर्ते एका आठवड्यात दहा टक्क्यांनी घटले. तुम्ही काय कराल?"

मी म्हणाले, "डॅशबोर्ड बनवीन."

समोरचे सर म्हणाले, "डॅशबोर्डवरच तर दिसलं ना की घटले म्हणून. पुढे?"

पुढे मला काहीच आलं नाही. कोर्समध्ये डॅशबोर्डचे अकरा व्हिडिओ होते. 'का' या प्रश्नावर एकही नव्हता.

दुसऱ्या मुलाखतीत एसक्यूएलची परीक्षा होती. प्रश्न सोपा वाटला : सगळ्या ग्राहकांची यादी करा आणि प्रत्येकाने गेल्या महिन्यात किती ऑर्डर दिल्या ते लिहा. ग्राहकांचा तक्ता वेगळा, ऑर्डरचा वेगळा. मी 'लेफ्ट जॉइन' लावला, म्हणजे डावीकडचे सगळे ग्राहक राहायला हवेत. पण महिन्याची अट मी खाली 'व्हेअर'मध्ये टाकली. ज्याने त्या महिन्यात एकही ऑर्डर दिली नाही त्याच्यापुढे त्या महिन्याची तारीखच नाही, ती तारीख नाही म्हणून तो अटीत बसला नाही, आणि यादीतून गायब झाला. ती अट जॉइनच्या 'ऑन'मध्ये टाकायला हवी होती, मग तो माणूस शून्यासकट यादीत राहिला असता.

चूक दोन ओळींची. पण परीक्षकाने जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय : ज्यांच्याकडे शून्य आहे तेच तुमच्या हिशोबातून गेले, आणि कंपनीला तर त्यांचीच चिंता होती. आपल्या गावच्या किती याद्या अशाच बनतात हो? लाभार्थ्यांची सरासरी निघते, आणि ज्याला काहीच मिळालं नाही तो सरासरीत नसतोच.

मग बाबांनी केस सोडवली

बाबा एसटीत कंडक्टर होते, २०२४ मध्ये निवृत्त झाले. पहिली मुलाखत बिघडली त्या संध्याकाळी ते ड्युटीवरून आले, पाय धुतले, ओट्यावर बसले. म्हणाले, "काय झालं वं? तोंड काऊन उतरलं?"

मी प्रश्न सांगितला. ॲप-बिॲप त्यांना कळत नाही, म्हणून म्हटलं, "समजा वर्धा-आर्वी गाडीचं उत्पन्न एका आठवड्यात दहा टक्के घसरलं. तुम्ही काय कराल?"

त्यांनी एक सेकंदही घेतला नाही.

"पहिले हे पाय, का आकडा खरा हाय का. मशीन बंद पडली असंल त् हातानं तिकिटं फाडली असतीन. ते वेबिलात चढले का? नाई चढले त् उत्पन्न घसरलंच नाई, लिहिनाराच चुकला."

"मंग पाय कोन्त्या फेरीचं घसरलं. साऱ्या फेऱ्यांचं, का सकाळच्याच? पूर्ण रस्त्याचं, का आंजी-खरांगण्याच्या मधातलंच?"

"मंग पाय, गाडीतून कोन कमी झालं. कालेजची पोरं कमी झाली असतीन त् रोजच्या पेटीले तेवढा फरक नाई पडत, ते पासवाले. बाजारवाले कमी झाले त् पडते."

"मंग बाहेर पाय. नवीन काळी-पिवळी लागली का? पानी होतं का? पुलाचं काम चालू हाय का? सोयाबीन सोंगनीत लोक प्रवास कमीच करतेत, मांगच्या वर्सी याच आठवड्यात किती होतं ते काढ."

"आन् शेवटी सोताकडं पाय. गाडीची वेळ बदलली का? आपनच धा मिनिटं उशिरा सोडून राह्यलो का?"

मी वही आणली आणि लिहून घेतलं. नंतर इंटरनेटवर मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांनी या प्रश्नाची जी उत्तरं सांगितलीत ती वाचली. क्रम हाच! नावं तेवढी वेगळी :

१. मोजमाप बरोबर आहे का (डेटामध्ये चूक, ट्रॅकिंग बंद)
२. घसरण नेमकी कुठे आणि कधीपासून (शहर, मोबाइलचा प्रकार, ॲपची आवृत्ती)
३. कोणत्या गटातले लोक कमी झाले (नवे की जुने, रोजचे की कधीतरीचे)
४. बाहेर काय बदललं (सण, परीक्षा, हंगाम, स्पर्धक)
५. आपण काय बदललं (नवं व्हर्जन, नवी किंमत, नवी अट)

बाबांनी दुसऱ्या दिवशी उलट मलाच केस घातली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं. "गाडी भरून जाते, उभं राहाले जागा नाई, आन् पेटीत तिकिटामागं पैसे कमी. सांग, धंदा वाढला का घटला?"

मी म्हणाले, कशाने मोजता त्यावर आहे. प्रवासी मोजले तर वाढला. पेटीतली रोकड मोजली तर कदाचित घटला. सवलतीचा फरक सरकार महामंडळाला देतं, तो धरला तर आणखी तिसरं उत्तर येतं. बाबा म्हणाले, "हां. म्हनजे पहिले इचाराचं, का साहेब, तुमाले काय वाढवाचं हाय?"

माझ्या मते सगळ्या तयारीतलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. आणि ते मला ऐंशी हजारांत मिळालं नव्हतं.

आपल्याच गावातला अभ्यासक्रम

यानंतर मी तयारीची पद्धत बदलली. परदेशातल्या टॅक्सीचा आणि जहाजाच्या प्रवाशांचा डेटा सोडला. आपल्याकडे काय आहे ते बघायला लागले, आणि बघावं तिकडे हाच विषय.

व्याख्या घ्या. मुलाखतीत हमखास विचारतात, "ॲक्टिव्ह यूजर कोणाला म्हणाल?" आपलं पिपरी मेघेच बघा. २०११ च्या जनगणनेत हे 'शहर' आहे, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. असं कसं? कारण जनगणनेची स्वतःची व्याख्या आहे : लोकसंख्या किमान ५,०००, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४००. या तिन्हींत बसलं की जनगणनेपुरतं शहर. पण नगरपरिषद होते ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने. गाव तेच, माणसं तीच, व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. आणि त्यावर पैसा, नाल्या, दिवाबत्ती ठरते. ॲक्टिव्ह यूजरचंही तसंच. ॲप नुसतं उघडलं तो ॲक्टिव्ह, की काही विकत घेतलं तो? आधी हे ठरवा, मग मोजा.

पैसेवारी घ्या. शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगायला नको. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा जाहीर होते, आणि ५० पैशांच्या वर की खाली यावर गावाच्या सवलती हलतात. म्हणजे एक आकडा आणि एक रेषा. रेषेच्या जवळचा आकडा असला की प्रत्येक जण त्याच्याकडे ओढाताण करणार, हे ओघाने आलंच. कंपन्यांतही ज्या आकड्यावर बोनस ठरतो त्याचं हेच होतं.

नमुना निवडणं घ्या. पीक कापणी प्रयोगात शेत आणि शेतातली जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडावी लागते. विहिरीजवळचा हिरवा तुकडा निवडला तर उत्पादन फुगणार, आणि विमा बुडणार. ही यादृच्छिक नमुन्याची पद्धत भारतीय शेतीत बसवण्यात एक मोठं नाव आपल्या मराठी माणसाचं आहे : डॉ. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. संख्याशास्त्राची पदवी घेतली तरी मला त्यांच्याबद्दल पुस्तकाच्या मुखपृष्ठापलीकडे काही माहीत नव्हतं.

आणि ए/बी टेस्ट. हा शब्द ऐकून घाम फुटायचा. अर्ध्या लोकांना जुनं बटण दाखवा, अर्ध्यांना नवं, कोणाला काय दिसेल हे नशिबावर सोडा, आणि फरक खरा की योगायोग ते तपासा. याचं मूळ शेतात आहे हो! इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ पासून खतांच्या आणि वाणांच्या प्रयोगांवर काम करत होते, त्यातून ही पद्धत उभी राहिली. त्याआधी १९०८ मध्ये 'टी-टेस्ट' काढणारा गॉसेट हा बिअर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता, जवाच्या छोट्या छोट्या नमुन्यांवरून मत कसं बनवायचं हा त्याचा रोजचा प्रश्न. आपल्याकडे माणूस अर्ध्या वावरात नवं बियाणं लावून बघतोच. फक्त नवं बियाणं चांगल्या जमिनीत आणि जुनं मुरमाड बाजूला लावलं तर त्या प्रयोगाला अर्थ नाही, एवढं कळलं की ए/बी टेस्टचा निम्मा विषय कळला.

एक उदाहरण बाहेरचं, कारण ते माझ्या चौथ्या मुलाखतीत विचारलं गेलं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि बायकांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. वरून बघितलं तर सरळ अन्याय. पण विभागवार बघितलं तेव्हा बहुतेक विभागांत बायकांविरुद्ध तसा कल दिसला नाही, काही ठिकाणी उलट त्या किंचित पुढे होत्या. कारण बायकांचे अर्ज जास्त होते ते अशा विभागांत, जिथे सगळ्यांनाच प्रवेश कठीण. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. बाबांच्या भाषेत : पूर्ण रस्त्याचं बघू नको, फेरीवार बघ. अर्थात त्या कठीण विभागांकडेच बायका का जात होत्या, हा प्रश्न उरतोच. आकडा तिथे थांबतो, माणसाने थांबू नये.

माझा प्रोजेक्टही इथलाच. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. फुकट. मी २०२४ च्या हंगामातले आपल्या जिल्ह्यातले सोयाबीनचे आकडे उतरवून घेतले. हमीभाव ४,८९२ रुपये. प्रश्न एकच : शेतकऱ्याच्या हातात खरा भाव काय पडला? रोजच्या दरांची सरळ सरासरी काढली तर एक आकडा येतो. पण ज्या दिवशी आवक जास्त त्या दिवसाचं वजन जास्त धरलं तर वेगळा येतो, कारण गरजेपोटी सगळे एकदमच माल आणतात. दोन्ही आकडे हमीभावाच्या खालीच होते. पण दुसरा आकडा शेतकऱ्याचा होता, पहिला नुसता कागदावरचा.

मुलाखतीत या प्रोजेक्टवर जेवढं बोलणं झालं तेवढं कोर्सच्या सर्टिफिकेटवर एका अक्षराने झालं नाही. सर्टिफिकेट कोणी मागितलंच नाही.

शेवटी काय झालं

तिसऱ्या मुलाखतीत इंग्रजीने घात केला. येत होतं सगळं, तोंडातून निघत नव्हतं. त्यानंतर रोज रात्री अर्धा तास आरशासमोर नाही, आईसमोर बोलले. तिला इंग्रजी येत नाही. ती फक्त बघायची की मी कुठे अडखळते, आणि तिथे बोट वर करायची.

चौथ्यात केस उत्तम गेली, मग शेवटच्या फेरीत अनुभवी माणूस घेतला. वाईट वाटलं, पण यावेळी पडले नव्हते, उभी होते.

पाचवी फेब्रुवारी २०२५ मध्ये. लाइन जाईल म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज, नेटसाठी भावाचा मोबाइल बाजूला. गेलीच लाइन, वीस मिनिटं. हॉटस्पॉटवर चाललं. प्रश्न होता किराणा पोचवणाऱ्या ॲपवर छोट्या शहरांत दुसरी ऑर्डर का येत नाही. मी आधी विचारलं, "सर, तुम्हाला काय वाढवायचंय, ऑर्डरची संख्या की परत येणारी माणसं?" मग फेरीवार, गटवार, बाहेर, आत. त्याच क्रमाने.

पुण्यातली मध्यम कंपनी, आठवड्याचे काही दिवस ऑफिस, महिन्यातला एक आठवडा घरून. पगार जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. पण वेळेवर येतो. बाबांच्या नावावरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मी भरला.

हेही सांगते, नाहीतर अर्धवट होईल : माझं संख्याशास्त्र होतं, बाबांचा पगार चालू होता, लग्नाची घाई कोणी केली नाही. वर्षभर घरी बसून शिकणं प्रत्येकीला परवडत नाही. आणि आता एसक्यूएल लिहून देणारी एआयची साधनं आलीत, त्यामुळे नुसतं एसक्यूएल येणाऱ्याचे दिवस कमी होत चाललेत. 'का' विचारणाऱ्याचे अजून आहेत.

सही करण्याआधी

१. करार मागा, पूर्ण वाचा. 'हमी' शब्द असेल तर तिच्या अटी कुठल्या पानावर आहेत ते शोधा. करार आधी दाखवत नसतील तर विषय संपला.

२. हप्ता म्हणजे कर्ज आहे का, कोणाच्या नावावर, कोर्स सोडला तर काय, हे लेखी घ्या.

३. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्यात. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देणं त्यात बसत नाही. माझ्या वेळी या सूचना नव्हत्या, तुमच्या वेळी आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि वर्ध्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे.

४. आधी तीन महिने फुकट करून बघा. एसक्यूएल शिकायची साधनं मोफत आहेत, सरावाचा डेटा मोफत आहे, सरकारच्या 'स्वयं'वर संख्याशास्त्राचे कोर्स शिकायला मोफत आहेत. रोज दोन तास. पहिला महिना एसक्यूएल (जॉइन, ग्रुप बाय, मग विंडो फंक्शन. "प्रत्येक ग्राहकाची दुसरी ऑर्डर शोधा" हे न बघता यायला हवं). दुसरा महिना संख्याशास्त्र आणि एक आपला प्रोजेक्ट. तिसरा महिना केस, मोठ्याने बोलून. तीन महिन्यांनंतरही मजा येत असेल तर पुढे जा. कंटाळा येत असेल तर तेही कळलं, पोत न मोडता.

आणि गावासाठी

आपल्या अभ्यासिकांमध्ये खुर्च्या भरलेल्या असतात, ही चांगली गोष्ट आहे. पण सगळ्या खुर्च्या एकाच परीक्षेकडे तोंड करून आहेत. एका कोपऱ्यात चार कॉम्प्युटर आणि बरं इंटरनेट एवढं जरी झालं, तरी ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्यांना रस्ता उघडेल. लॅपटॉप नाही म्हणून मागे राहिलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत, दोघी माझ्याहून हुशार. ग्रामपंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. येणाऱ्यांनी या, हात वर करायला माणसं लागतात. आणि कॉम्प्युटर आले तर किती जण वापरतात, त्यात मुली किती, हेही दर महिन्याला मोजू. पैसे आले, फोटो निघाला, कुलूप लागलं, असं नको.

आता काकूंच्या मुलाचं. काल तो आला होता. तासभर बोललो. मी त्याला बाबांची केस घातली. त्याला आकड्यांत फारसा रस दिसला नाही, पण गाडीचं वेळापत्रक कसं बदलावं यावर मात्र वीस मिनिटं बोलला. म्हटलं, तीन महिने करून बघ, मग ठरव. कदाचित त्याचं काम वेगळंच असेल. त्यात काही बिघडत नाही.

पोत सध्या काकूंच्या गळ्यात आहे.

मी महिन्यातला एक आठवडा घरी असते. त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी दहा ते बारा, आमच्या ओट्यावर, ज्याला यायचं त्याने वही घेऊन यावं. फी नाही. एसक्यूएल मी शिकवीन, केस बाबा घालतील. त्यांना सध्या वेळ भरपूर आहे आणि ऐकणारं कोणी मिळालं तर ते थांबत नाहीत, ही पूर्वसूचना.

कोणाच्या घरी असा कागद आला असेल तर सही करण्याआधी कमेंटमध्ये लिहा किंवा मेसेज करा. आणि ही पोस्ट ज्यांच्यापर्यंत पोचायला हवी ते फेसबुकवर नसतीलही, म्हणून वाचून झाल्यावर शेजारच्या काकूंना तोंडी सांगा.